पाणी ग्लासात द्या

कुंदाताई रामटेके अनोळखी घरी पाणी मागायला जाण्याआधी केस विंचरत. घराबाहेरच्या पत्रपेटीला सायकल टेकवायची, हेल्मेट हँडलला अडकवायचं, पाठीच्या खिशातून छोटा कंगवा काढायचा. खडीच्या धुळीनं भुवया पांढऱ्या झालेल्या असायच्या, त्या ओल्या रुमालानं पुसायच्या. मग दार वाजवायचं आणि फ्रेंचमध्ये म्हणायचं, एक ग्लास पाणी मिळेल का? समोरचा शेतकरी हातातल्या रिकाम्या बाटलीकडे बघून तीच घ्यायला हात पुढं करी. त्या बाटली मागे घेत. आधी ग्लासात, मग बाटलीत.

तो ग्लास त्या पायरीवर उभं राहून सावकाश संपवत आणि ज्यानं दिला त्याच्या हातात परत देत. कठड्यावर ठेवून कधीच निघाल्या नाहीत.

मी एकदा विचारलं होतं की एवढा सोपस्कार कशाला, बागेत नळ असतोच. त्यावर त्या म्हणाल्या, "भंडाऱ्याकडे माह्या मावशीचं गाव होतं. लहानपणी तिथं मी ओंजळीत पाणी पेलं आहे, वरून ओतलेलं. ओतणारी बाई हात इतका उंच धरे की निम्मं माह्या फ्रॉकवर सांडे. आता मले ग्लास पायजे. अन् देणाऱ्याच्या हातातून पायजे."

मी कुलकर्णी. सांगलीचा, आता मॉन्ट्रिअलजवळच्या ब्रॉसारचा, विमा कंपनीत नोकरी. मी तेव्हा मान डोलावली होती. मान डोलावणं मला फार चांगलं जमतं.

आमची ओळख एका एप्रिलमध्ये झाली, जयंतीच्या कार्यक्रमात. कुंदाताई तिथल्या आंबेडकर मंडळाच्या जुन्या कार्यकर्त्या, आणि मी मराठी मंडळातर्फे शुभेच्छा द्यायला गेलेलो. भाषणात मी समता हा शब्द बऱ्याच वेळा वापरला. खाली उतरलो तेव्हा निळ्या साडीतल्या, बॉबकट केलेल्या, साठीच्या एका बाईंनी मला गाठलं. मला वाटलं, भाषणाबद्दल काही बोलतील. त्यांनी माझ्या गाडीच्या मागे लावलेली सायकल खिडकीतून पाहिली होती. विचारलं, टायर किती रुंद आहे? मी सांगितल्यावर तोंड वाकडं केलं. "डांबरावरचा माणूस दिसता. मे महिन्यात या माह्यासोबत, खडीवर नेते."

मॉन्ट्रिअलचा पूल ओलांडून दक्षिणेला गेलं की तासाभरात शहर संपतं. मग मक्याची शेतं, गाईगुरांचे गोठे, चारा साठवायचे चांदीसारखे चमकणारे उंच सायलो, मेपलची जंगलं आणि मधून याम्स्का नदीची वळणं. या सगळ्यातून खडीचे सरळसोट रस्ते जातात, त्यांना तिकडचे लोक "रांग" म्हणतात. नकाशावर ते सपाट दिसतात. सायकलवर बसलं की कळतं, दर दोन शेतांमागे एक चढ आहे आणि तिथंच खडी सर्वांत सैल आहे. कुंदाताई चढावर कधी उतरल्या नाहीत. टायरमधली हवा कमी करत, सर्वांत हलका गिअर टाकत आणि पायी चालणाऱ्यापेक्षा हळू, पण बसून, वर जात. "उतरायचं नाही," एवढंच म्हणत. ते मला उद्देशून असे की गुडघ्यांना, कुणास ठाऊक.

नगरपालिकेच्या प्रयोगशाळेत त्या केमिस्ट होत्या, पिण्याचं पाणी तपासायचं काम. नागपूरहून एमएस्सी करून आलेल्या, इथं पुन्हा शिकलेल्या. नवरा लवकर गेला, मुलगी दूर पश्चिमेकडच्या रेजिना शहरात सरकारी नोकरीत. मुलगी फोनवर इंग्रजीत रागवायची, "आई, प्लीज, ॲट युअर एज!" आणि त्या फोन बंद करून मला म्हणत, "माह्या वयात माही आई विहिरीवर उभी होती, कोणी आपल्या पोहऱ्यानं पाणी ओतून देईल याची वाट पाहत. मी निदान चालून तं रायली."

शेतावरची कुत्री हा तिकडचा मोठा त्रास. पिंडऱ्यांवर धावून येतात. मी अशा वेळी जोरात पायडल मारून पळतो. त्या थांबत, खाली उतरत आणि कुत्र्याला नागपुरीत विचारत, "काय बे? काय पायजे?" फ्रेंच ऐकत वाढलेलं ते कुत्रं गोंधळून बसे. एकदा एका पिकअपवाल्यानं मुद्दाम जवळून गाडी नेऊन आम्हाला धुळीत बुडवलं. पुढच्या गावात देपानेरसमोर, म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानासमोर, तीच गाडी उभी दिसली. ताईंनी आधी केस विंचरले, मग काचेवर टकटक केली आणि त्याला सांगितलं की रस्ता तुझ्या बापाचा असला तरी फुप्फुसं माझी आहेत. हे सगळं आदरार्थी फ्रेंचमध्ये. तो माणूस ओशाळून आम्हाला आइस्क्रीम देऊ लागला. त्यांनी घेतलं नाही. मला मात्र घ्यावंसं वाटत होतं.

आता जे सांगायचं आहे ते मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही.

तो जुलैतला रविवार होता. ओलसर, चिकट उकाडा, झाडाचं पानही हलत नव्हतं. नदी सोडून आम्ही जंगलातल्या लांब चढाला लागलो. तिथं घरं नाहीत. माझ्या दोन्ही बाटल्या चढाच्या निम्म्यातच संपल्या. ताईंची एक बाटली जवळजवळ भरलेली होती. माझा श्वास ऐकूनच त्यांनी सायकल बाजूला घेतली, बाटली काढली, तोंडाचं झाकण दातानं उघडून माझ्यापुढं धरली.

मी म्हणालो, नको, आहे माझ्याकडे.

माझ्याकडे नव्हतं. दोन्ही बाटल्या पारदर्शक होत्या आणि दोन्ही रिकाम्या दिसत होत्या.

मला उष्टं चालत नाही, असं मी मनाशी म्हणालो. हे खरं नव्हतं. त्याच उन्हाळ्यात ऑफिसातल्या फिलीपच्या बाटलीनं मी दोनदा पाणी प्यायलो होतो, तोंड लावून. समतेवर भाषण करणारा माझा मेंदू बाटली घे म्हणत होता. माझा हात उचलला गेला नाही. हात कुणाचा होता, किती पिढ्यांचा होता, यावर मी पुष्कळ विचार केला आहे. पण तो माझ्या खांद्याला जोडलेला होता, एवढं पुरे.

थोडं पुढं गेल्यावर मला डोळ्यांपुढं हिरवं दिसू लागलं आणि मी सायकलसकट खडीत पडलो. भान होतं, उठता येत नव्हतं. ताई वाकल्या. त्यांनी पुन्हा बाटली माझ्या ओठांजवळ आणली. "घ्या."

मी तोंड मिटून घेतलं.

त्या काही क्षण तशाच वाकून राहिल्या. त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते आश्चर्य नव्हतं. एखादा जुना, नको असलेला ओळखीचा माणूस परदेशातल्या रस्त्यावर अचानक दिसावा, तसं काहीतरी होतं. मग बाटलीचं झाकण लावलं, मला मेपलच्या सावलीत ओढलं आणि सायकलवर बसून उतारानं निघून गेल्या.

बराच वेळ गेला. त्या परत आल्या तेव्हा त्यांच्या पाठीच्या खिशात काचेची बरणी होती. काकडीच्या पिकल्सची, झाकणावर अजून लेबल. कुण्या शेतकऱ्याच्या म्हातारीनं त्यात पाणी भरून दिलं होतं. पाण्याला व्हिनेगरचा वास मारत होता आणि मी ते घटाघटा प्यायलो. निम्मं छातीवर सांडलं.

पिऊन झाल्यावर वर पाहिलं. त्यांची बाटली अजून भरलेली, सायकलच्या दांडीवर अडकवलेली होती.

"पिकल्सची बरणी चालली," त्या म्हणाल्या. आवाज अगदी शांत. "त्या म्हाताऱ्यांचा गाईबैलांचा धंदा आहे, खाटकाले विकतात. ते बी चाललं. तुह्या ब्रॉसारच्या घरी नळाले जे पाणी येते ना, ते मी तपासून सोडते. रोज पेते तू. ते चालते. कारण तिथं मी दिसत नाही."

मी सॉरी म्हणायला तोंड उघडलं. त्यांनी हातानं थांबवलं. "गप राय. मेला असता तं पोलिसाले काय सांगितलं असतं मी? याले तहानेनं मारलं नाही, आडनावानं मारलं? फ्रेंचमध्ये कसं समजावू?"

तोवर त्या मला कुलकर्णीभाऊ आणि तुम्ही म्हणत. त्या दिवसापासून नुसतं कुलकर्णी आणि तू.

मला वाटलं, संपलं. पुढच्या शनिवारी त्यांचा फोन आला की उद्या सातला नेहमीच्या पार्किंगमध्ये. मी गेलो. त्यांनी बाटलीच आणली नव्हती. म्हणाल्या, आजपासून पाणी तू मागायचं, दोघांसाठी.

माझं फ्रेंच ऑफिसपुरतं. पहिल्या घरी मी अर्धं वाक्य बोललो आणि थांबलो. घरच्या म्हाताऱ्यानं दार अर्धवट उघडं ठेवून अंगणातल्या नळीकडे बोट दाखवलं. मी ओंजळ करून वाकून प्यायलो. बूट भिजले. रस्त्यावर परत आलो तेव्हा डोळे ओलावलेले होते, आणि मला आता सगळं समजलं आहे असं मी सांगणार होतो. ताईंनी ते माझ्या चेहऱ्यावर वाचलं.

"भलतं समजू नको," त्या म्हणाल्या. "त्याच्या बुटाले शेण होतं, म्हणून तो किचनमध्ये गेला नाही. तुह्या जातीपायी नाही. तुले काही कळलं असं वाटून घेऊन घरी जाऊ नको. अन् ग्लासात का नाही मागितलं? परत जा."

मी परत गेलो. ग्लासात मागितलं. म्हातारा बूट काढून आत गेला आणि दोन ग्लास घेऊन आला.

त्यानंतरचे तीन उन्हाळे मीच मागितलं. मंडळातले लोक म्हणत की कुंदाताईंची आणि तुमची काय छान जोडी जमली आहे. मी मान डोलवायचो. ताई कधी कुणापाशी बोलल्या नाहीत. माझी लाज वाचवायला नव्हे. मी विचारलं तेव्हा त्यांनी सांगितलं की ती गोष्ट तुझी आहे, तूच सांग, मी तुझं ओझं कशाला उचलू. म्हणून हे लिहितो आहे.

गेल्या ऑक्टोबरमध्ये त्या निवृत्त होऊन रेजिनाला मुलीकडे राहायला गेल्या. घर विकलं, सायकल खोक्यात भरायच्या आधी एक शेवटची फेरी केली. जंगलातला तोच चढ त्यांनी निवडला. झाडं लाल-पिवळी झालेली, खडीवर पानं, हवेत गारवा. त्या दिवशी बाटली त्यांनी आणली होती. मी जिथं पडलो होतो तिथं मी थांबलो. किती दिवस मनात घोळवलेलं वाक्य बोललो. "ताई, तुमच्या बाटलीतलं पाणी द्या."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. मग बाटली काढली, स्वतः दोन घोट घेतले, झाकण लावलं आणि परत दांडीला अडकवली.

"नाही."

मी पुढं केलेला हात मागे घेतला.

"तुले तहान नाही लागली, कुलकर्णी. तुले माफी पायजे. पाणी मी तहानेल्याले देते." आणि पायडलवर पाय ठेवत म्हणाल्या, "चल. उतरायचं नाही."

मला राग आला. खरंच आला. सगळा चढ मी त्या रागावर चढलो आणि पहिल्यांदाच न उतरता वर पोचलो. वर त्या हसत उभ्या होत्या.

परवा फोन झाला. रेजिनाच्या बाहेर खडीचे रस्ते इतके सरळ आहेत की उद्या येणारा माणूस आज दिसतो, म्हणाल्या. वारा सतत तोंडावर. घरं फार लांब लांब, त्यामुळे दार वाजवायला मिळत नाही, आता दोन बाटल्या न्याव्या लागतात. मुलगी अजून रागावते. त्या अजून ऐकत नाहीत.

मी म्हणालो, जुलैमध्ये येतो. म्हणाल्या, ये, पण इकडचं ऊन वाईट आहे, सावलीला झाड नाही.

तिकीट काढलं आहे. सायकल नेणार आहे, कंगवाही. बाटली नेणार नाही.