जुना चालक पूर्ववत करणेबाबत

वाचनालयाच्या मुख्य कचेरीत त्यांना सगळे सर्व्हरबाई म्हणत. जिन्याखालच्या ज्या खोलीत पूर्वी झाडू आणि तुटक्या खुर्च्या असत, तिथे आता वाचनालयाचा सर्व्हर होता आणि त्याच्या शेजारी स्वेटर घालून बसलेल्या सर्व्हरबाई. खोली थंड ठेवायची ती यंत्रासाठी. माणसाला हुडहुडी भरली तर काय करायचं, हे कुठल्याच नियमात नव्हतं. सर्व्हरला त्या म्हातारी म्हणत. अकरा वर्षं दोघी एकमेकींच्या कुरबुरी ऐकत आल्या होत्या.

बाईंचा एक हट्ट होता. म्हातारीची साधी वायर हलवली तरी ते लाल पुठ्ठ्याच्या वहीत लिहायचं. तारीख, वेळ, काय केलं, कोणी केलं. त्या वहीतच काय, कचेरीच्या कुठल्याही कागदावर आपण कधी खोटी ओळ लिहिलेली नाही, याचा त्यांना भारी अभिमान. एकदा त्यांच्याच हातून म्हातारीवर चहा सांडला, तर तेही त्यांनी नोंदवलं: ‘१०.२०. चहा सांडला. मी. अर्धा कप, साखरेचा.’

साहेबांचाही एक हट्ट होता. कागदात परका शब्द दिसला की ते लाल पेनाने त्याला गोल करून कागद परत पाठवत. त्यामुळे डिस्कची तबकडी झाली, सर्व्हरचं मुख्य यंत्र झालं आणि ड्रायव्हरचा चालक झाला. सर्व्हरच्या पोटातही ड्रायव्हर असतात. डिस्कवर काय आणि कसं लिहायचं हे डिस्कच्या कार्डाला सांगणारा छोटासा प्रोग्रॅम, एवढीच त्यातल्या एकाची ओळख. पण साहेबांच्या राज्यात तोही चालक, आणि वाचनालयाची फिरती व्हॅन तेवीस वर्षं चालवणारे सर्व्हरबाईंचे यजमानही चालकच.

एका सोमवारी परिपत्रक निघालं. ‘सर्व विभागांनी आपल्याकडील जुने चालक तातडीने अद्ययावत करावेत.’ साहेबांना खरं तर गाडी चालवणाऱ्या माणसांचे पत्ते आणि फोन नंबर नव्याने लिहून हवे होते, पण टाइप करताना ‘चालक’पुढचा ‘तपशील’ हा शब्द गळला. विचारायला कोण जाणार? साहेबांना अर्थ विचारणं म्हणजे स्वतःची भाषा कच्ची आहे असं कबूल करणं.

सर्व्हरबाईंनी मंगळवारी सकाळी म्हातारीचा जुना ड्रायव्हर काढून नवा घातला आणि वहीत लिहिलं. वाहनप्रमुख तर कागदाला देवाज्ञा मानणारे. त्यांनी त्याच दिवशी व्हॅनवर बाहेरून एक नवा माणूस घेतला आणि बाईंच्या यजमानांना सांगितलं, “काका, तुम्ही आता राखीव. घरी थांबा, लागलं तर फोन करू.” निवृत्तीला चौदा महिने उरले होते.

फोन काही आला नाही. काका रोज आठ दहाला इस्त्रीचा शर्ट घालून दारात उभे राहत आणि मग शर्ट न चुरगळता खुर्चीत बसत. पहिले तीन दिवस त्यांनी स्वयंपाकघर सुधारलं. बाई मोठं पातेलं फळीवरून काढू लागल्या की हे मागून हात हलवत, “या, या, या... थोडं डावीकडे... बस!” बाईंच्या नाकी नऊ आले. पण चौथ्या दिवसापासून ते काही बोलेनासेच झाले, आणि ते बाईंना जास्त लागलं. सकाळी नऊ वाजले की घड्याळाकडे बघून तेवढं म्हणत, “आता शाळेपाशी असतो मी.” बाई ओट्याकडे तोंड करून उभ्या राहत. तेवीस वर्षं ज्या माणसाने एकही थांबा चुकवला नाही, त्याला असं नको असलेल्या कपाटासारखं बाजूला सारलेलं त्यांना बघवत नसे. त्यांना नवरा पुन्हा व्हॅनवर हवा होता. बाकी काही नको.

इकडे म्हातारीनेही संप पुकारला होता. एक गृहस्थ पुस्तक परत करायला आले, आणि यंत्र म्हणे पुस्तक अजून त्यांच्याकडेच आहे. त्यांनी ते दुसऱ्या दिवशी पुन्हा परत केलं, कारण काउंटरवरच्या मुलीने त्यांच्याच हातात ते पुन्हा दिलं होतं. पडद्यावर एकच ओरड: ‘डिस्कवर लिहिता आले नाही.’ साहेब खाली आले, थंडीने दोन मिनिटांत वर गेले. पुरवठादाराचा माणूस आला, त्याने म्हातारीकडे परक्याच्या आजीकडे बघावं तसं बघितलं आणि म्हणाला, “डिस्क गेल्यात बाई. पूर्ण मशीनच बदला.”

“गेल्यात म्हणजे कुठे गेल्यात? तपासल्यात का?”

“वय बघा ना हिचं.”

हा वयाचा मुद्दा बाईंना झोंबला. घरीही तोच ऐकत होत्या. त्यांनी त्याला दार दाखवलं आणि बाह्या सरसावल्या. नवी कोरी डिस्क घातली, तीच ओरड. वायर बदलली, डिस्कची जागा बदलली, तेच. काढलेली जुनी डिस्क दुसऱ्या यंत्रात लावली, तर तिथे ती सुतासारखी सरळ. वाचायला म्हातारी तयार, थोडं थोडं लिहायलाही तयार. पण दुपारी बाराला सगळ्या शाखांच्या नोंदी एकदम आल्या की मान टाकायची. दहा दिवस झाले. बाईंनी विजेवर संशय घेतला, उंदरांवर घेतला, काउंटरवरच्या मुलीवर घेतला. एकीलाच तेवढं वगळलं होतं.

अकराव्या दिवशी त्या जेवायला घरी आल्या तेव्हा काका खिडकीत उभे होते. खाली चढावर व्हॅन गुरगुरत बंद पडली होती.

“झालं! गाडी म्हातारी झाली म्हणायची आता,” बाई म्हणाल्या.

काकांनी दोन आठवड्यांत पहिल्यांदा आवाज चढवला. “अगं, गाडीला काही धाड भरलेली नाही! तो नवा माणूस चांगलाच आहे, पण त्याला सवय नव्या गाडीची. सगळं एकदम मागतो तिच्याकडे. तिला जरा दम घेऊ द्यावा लागतो. मी दुसऱ्या गिअरला तीन आकडे मोजायचो.”

बाईंचा घास हातातच राहिला. “सगळं एकदम मागतो?”

“हो. मग ती गप्प बसते. बिघडत नाही, गप्प बसते.”

बाई ताट तसंच ठेवून उठल्या. “अहो, झाकून ठेवा!” एवढं म्हणून चप्पल घालून निघाल्यासुद्धा.

लाल वहीत सगळं होतं. ‘मंगळवार, १०.४०. परिपत्रकाप्रमाणे चालक अद्ययावत केला. मी.’ आणि पहिली चूक त्याच दिवशी बाराला. दहा दिवस त्यांनी जगाची झडती घेतली होती आणि स्वतःची ओळ वाचली नव्हती. त्या स्वतःशीच इतक्या मोठ्याने हसल्या, की जिन्यावरून जाणारा शिपाई थबकला. नवा ड्रायव्हर नव्या कार्डांसाठी घडवलेला. तो कामांचा ढीग एका दमात पुढ्यात ढकलायचा. जुन्या कार्डाला तेवढं पेलायचं नाही, ते गप्प बसायचं, वाट बघण्याची मुदत संपायची आणि खापर फुटायचं डिस्कवर. बाईंनी नवा काढला, जुना परत घातला. मग मुद्दाम सगळ्या शाखांना एकदम नोंदी पाठवायला लावल्या. तीन तास म्हातारी लिहीत होती. एक चूक नाही.

आता अहवाल. बाईंनी कागद पुढे ओढला, ‘चालक’ हा शब्द लिहिला आणि त्यांचा पेन थांबला. आवक-जावकच्या कारकुनाची रीत त्यांना ठाऊक होती: कागद वाचायचा नाही, विषय बघायचा, आणि विषयात चालक दिसला की एक प्रत वाहन विभागाला. बाईंच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. मग त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं:

‘विषय: जुना चालक पूर्ववत करणेबाबत. यंत्र जुने असले तरी निर्दोष आहे. परिपत्रकाचा चुकीचा अर्थ लावून जुना चालक हटवण्यात आला, ही चूक आहे. नव्या चालकाचे व जुन्या यंत्राचे जमत नाही; तो एका वेळी जास्त भार टाकतो, त्यामुळे यंत्र ऐन कामात थांबते. जुन्या चालकाबद्दल गेल्या अकरा वर्षांत एकही तक्रार नाही. हे यंत्र सेवेत असेपर्यंत त्याला बदलू नये.’

खाली ‘चूक कोणी केली’ या रकान्यात त्यांनी लिहिलं: ‘मी.’ शब्द न् शब्द खरा होता. त्यांनी तो दोनदा तपासून घेतला.

साहेबांनी परका शब्द शोधला, सापडला नाही, म्हणून खूश होऊन वर लिहिलं, ‘मान्य. तातडीने कार्यवाही व्हावी.’ वाहनप्रमुखांना रोज चढावरच्या व्हॅनबद्दल बोलणी खावी लागत होती. त्यांनी तो कागद छातीशी धरला. सर्व्हरबाईंनी आपल्याऐवजी चूक स्वतःवर का घेतली, हे त्यांना कळलं नाही. पण असा योग पुन्हा येत नाही, हे कळलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बाई घरी आल्या तर काका इस्त्रीच्या शर्टात उभे, हातात आदेश आणि त्याला जोडलेली अहवालाची प्रत. बाईंची सही वाहनप्रमुखांच्या मोठ्या शिक्क्याखाली गेली होती, आणि अक्षर ओळखण्याइतकं काकांना आता धड दिसतही नव्हतं. डोळे पुसत पुसतच ते वाचत होते.

“ऐक, ऐक. ‘एका वेळी जास्त भार टाकतो.’ बघ! क्लचचं कळलंय साहेबांना. वर बसून कसं कळलं असेल गं?”

“साहेब आहेत ते,” बाई म्हणाल्या.

“‘एकही तक्रार नाही.’ असं लिहिलंय. माझ्याबद्दल कधी कोणी एक ओळ लिहिली नव्हती.” मग कागद जवळ धरून ते जरा हिरमुसले. “पण अकरा वर्षं का लिहिलीत? मी तेवीस वर्षं चालवतोय. बारा वर्षं खाल्ली माझी.”

बाईंनी पर्स खुंटीला अडकवली. “लिहिताना चुकलं असेल,” त्या म्हणाल्या. “मी विचारते.”

सकाळी आठ दहाला काका गेले. बाई जिन्याखालच्या खोलीत आल्या, स्वेटर घातला, म्हातारीच्या नोंदी बघितल्या. सगळं सुरळीत होतं. मग त्यांनी एक कोरा कागद घेतला आणि खूप वेळ त्याच्याकडे बघत बसल्या. तेवीस वर्षांपूर्वी म्हातारी जन्मालाही आली नव्हती. शेवटी त्यांनी लिहिलं:

‘शुद्धिपत्रक. विषय: जुना चालक. अहवालात “अकरा वर्षांत” असे आहे, त्याऐवजी “तेवीस वर्षांत” असे वाचावे.’

खाली सही केली, आणि लाल वही मिटून खणात ठेवली.