अकरा तास आणि पन्नास मिनिटं

एकोणीस वर्षं तो एकाच मार्गावर बस चालवत होता. सकाळी सहाला निघायचं, डोंगराला वळसे घालत चारशे साठ किलोमीटर कापायचे आणि पाचच्या ठोक्याला पलीकडच्या शहरात गाडी उभी करायची. डेपोत त्याला सगळे ‘घड्याळ’ म्हणत. बायकोचं माहेर त्याच शहरात. वर्षातून तीनदा ती ड्रायव्हरमागच्या सीटवर बसून जायची. घरी दोघांना धड बोलायला फुरसत नसे. गाडीत मात्र ती अकरा तास बोलत राहायची आणि तो आरशात तिच्याकडे बघत हुंकार द्यायचा.

मग दोन्ही शहरांमध्ये छोटं विमान सुरू झालं. सरळ रेषेत अंतर अवघं दोनशे ऐंशी किलोमीटर, वेळ पन्नास मिनिटं. मेहुण्याने बहिणीला तिकीट पाठवलं आणि ती परत आली ती विमानाचंच कौतुक करत. याच्या पोटात दुखायला लागलं. विमानतळावर आधी दोन तास जाऊन बसायचं, उतरल्यावर पुन्हा सामानासाठी ताटकळायचं, असं सगळं धरून त्याने चार तास मोजून दाखवले.

“चारच ना,” ती म्हणाली.

पुढच्या खेपेला सासऱ्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. विमान आदल्या दिवशी दुपारचं. निघायच्या वेळी तिचं ओळखपत्र सापडेना. तिने कपाटं उपसली, गाद्या उलटल्या. त्यानेही तिच्याबरोबर पलंगाखाली वाकून पाहिलं. कार्ड त्याच्याच शर्टाच्या खिशात होतं. विमान गेलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ती पुन्हा त्याच्या मागच्या सीटवर येऊन बसली.

पण ती बोलली नाही. मोबाइल हातात धरून नुसती बाहेर बघत राहिली. साडेअकराला गाडी चहासाठी थांबली, तेव्हा भावाचा फोन येऊन गेला होता. बाबा भेदरले होते, आत नेईपर्यंत ‘आली का, आली का’ विचारत होते, हे तिने त्याला सांगितलं आणि सवयीने त्याचा चहा पुढे सरकवला. त्याने कप तसाच राहू दिला. त्याने खिशातून कार्ड काढून टेबलावर ठेवलं.

तिने कार्ड उचललं. “का?”

“तू मागे नसलीस की गाडी रिकामी वाटते.”

“मग तसं सांगायचं होतंत,” ती म्हणाली. उरलेला रस्ता ती शेवटच्या सीटवर बसली.

सासऱ्यांचा डोळा बरा झाला. आठवड्यासाठी गेलेली ती दोन महिने राहिली आणि विमानाने परतली. तो रजा काढून विमानतळावर गेला. बॅग उचलताना त्याने कसाबसा तो शब्द तोंडाबाहेर काढला, चुकलो. घरी आल्यावर दोघं बाल्कनीत बसले आणि माहेरचं सगळं तिने पहिल्यापासून सांगितलं. अंधार पडेपर्यंत तो ऐकत होता.

ती अजूनही विमानानेच जाते. तोच तिला सोडायला जातो. विमान उडताना त्याच्या पोटात दुखतंच.