स्थानिक पालक

मला कॉलेजात घातलं ते माझ्या घरमालकीण मावशींनी. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढचं वाचताना कुणाला वाटायचं की पोरगी स्वतःच्या हिमतीवर शिकली. हिंमत माझ्याकडे बेताचीच आहे. नुसता कोरा फॉर्म हातात आला तरी माझ्या तळहाताला घाम सुटतो.

मी नांदेडकडची. नववीत असताना आई अंथरुणाला खिळली आणि धाकट्या दोघांचं करता करता माझी शाळा सुटली. कुणी काढली नाही. आज जाऊ, उद्या जाऊ म्हणता म्हणता मीच जाईनाशी झाले. पुढे कामाच्या मागे पनवेलला आले. पळस्प्याजवळ एका गोदामात न्हावा शेव्याहून आलेला माल उतरतो, त्या खोक्यांचे बारकोड मी दुपारी एकपासून स्कॅन करते. राहते जवळच्याच गावात, मावशींच्या चाळीतल्या खोलीत. इथे राहून सतरा नंबरचा फॉर्म भरला, म्हणजे शाळेत न बसता बाहेरून, आणि आधी दहावी, मग बारावी काढली. बारावीचा निकाल लागला तेव्हा मी चोवीस वर्षांची होते. आनंद एक दिवस टिकला. दुसऱ्या दिवसापासून, आता कुठलं कॉलेज, याची धडधड.

मला हवं होतं सकाळचं कॉलेज. दुपारी गोदामात पोचायला हवं, नाहीतर शिफ्ट जाणार आणि शिफ्टबरोबर खोली. खारघरच्या एका कॉलेजातून रोज फोन यायचे. बोलणारी बाई इतकी गोड, की मला "मॅम" म्हणायची. "वेळेचं टेन्शन घेऊ नका मॅम, आम्ही फ्लेक्सिबल आहोत." त्यांच्या पुस्तिकेत काचेची इमारत, हिरवळ, हिरवळीवर हसणारी मुलं. ती पुस्तिका मी उशाशी घेऊन झोपायचे.

मावशींनी ती उलटसुलट करून पाहिली. "सोयरीक हाय की कॉलेज? सगलेच कशे हसतान?"

"चांगलं आहे मावशी. सोमवारी बोलावलंय बघायला."

"मंग सोमवारी जायाचा नाय."

मला कळेना. मग त्यांनी समजावलं. त्यांच्या समाजात मुलगी द्यायची तर आधी घरातली एखादी बाई न सांगता, आडवेळी मुलाच्या गावात जाऊन येते. भाजी विकायचं निमित्त, नाहीतर पाणी मागायचं. "सांगून गेला की पोहं मिलतान गो. घर नाय दिसत."

गुरुवारी सकाळी साडेसातला आम्ही दोघी खारघरला. मावशींच्या हातात पिशवी, पिशवीत खरोखर मेथीच्या चार जुड्या. इमारत होती, काच होती. आत कुणी नव्हतं. वॉचमन खुर्चीत बसून दात घासत होता. मी विचारलं, सकाळचे वर्ग कुठे भरतात? तो चूळ भरून म्हणाला, "वर्ग? एक्झाम के टाइम आओ ना मॅडम, भीड़ रहती है." वाचनालयाच्या काचेतून पुस्तकं दिसत होती, त्यांच्यावरची प्लॅस्टिकची वेष्टणंही फोडलेली नव्हती. मावशी जिना चढून मुलींचा संडास शोधून आल्या.

"कुलूप हाय. चावी साहेबाकडं. साहेब अकराला येतो." आणि बाहेर पडता पडता, "तवर पोरींनी काय करायाचा?"

आम्ही रिक्षात बसलो. उशाशी जपलेली पुस्तिका मनातल्या मनात फाटत होती. मावशी मला म्हणाल्या, "तोंड नको पाडू. लगीन तर नाय लागला ना अजून."

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला पनवेल गावातल्या जुन्या कॉलेजात. तिथे भिंतींचे पोपडे निघालेले, पंखा असा खडखडणारा की तोच तास घेतोय असं वाटावं. पण सात वाजून दहा मिनिटांनी एक सर दारात उभे राहून उशिरा येणाऱ्यांना झापत होते. झापणारा माणूस पाहून इतका धीर कधी आला नव्हता. मावशींनी पायरीवर बसलेल्या एका मुलीला गाठलं.

"काय गो, मास्तर येतान का रोज?"

"येतात हो आजी. आजारीसुद्धा पडत नाहीत."

संडासाला कडी होती आणि नळाला पाणी. ठरलं.

यंदा ज्यांची बारावी झालीय त्यांना माझं एवढंच सांगणं आहे, न बोलावता जा. तास चालू असायला हवेत त्या वेळेला जा. आणि ऑफिसातल्या माणसाला विचारू नका, पायरीवर बसलेल्या मुलीला विचारा. मी बीएला फॉर्म भरला. दुसऱ्या यादीत नाव आलं. मूळ कागद घेऊन दोन दिवसांत प्रवेश घ्यायचा होता, आणि सुट्टी मिळेपर्यंत त्यातला दुसरा दिवस उजाडला.

आता माझी चूक. शाळा सोडल्याचा मूळ दाखला मी लॅमिनेट करून आणला होता. आमच्या घरात जपायचा कागद म्हणजे लॅमिनेशन. वडिलांचं रेशनकार्ड, देवाची आरती, आईच्या तपासणीचा रिपोर्ट, सगळं प्लॅस्टिकमध्ये. सतरा नंबरच्या फॉर्मबरोबर दिलेला तो दाखला बारावीनंतर हातात परत आला तेव्हा मी घरीसुद्धा न जाता दुकान गाठलं होतं. दुकानदाराने गरम रोलरमधून काढून दिला तेव्हा मला फार सुरक्षित वाटलं होतं.

ऑफिसातल्या क्लार्कने तो हातात धरून उजेडाकडे नेला.

"हे काय केलंत ताई?"

"जपून ठेवलाय, सर."

"जपलात खरा. आता याच्या मागे मी नोंद कशी करू? शिक्का कुठे मारू, कपाळावर?" रांगेतली मुलं हसली. तोही हसला, मग माझा चेहरा बघून थांबला. "हा चालत नाही. शाळेतून दुय्यम प्रत आणा. आज एकला खिडकी बंद होते."

शाळा नांदेडकडे, आणि वाजले होते साडेअकरा.

मी रांगेतून बाजूला झाले. पाय आपोआप दाराकडे वळले, ती सवय माझ्या ओळखीची. नववीत शाळेच्या रस्त्यावरून परत फिरायचे तीच. बाहेर बाकावर मावशी बसल्या होत्या. मी म्हटलं, "चला मावशी. पुढच्या वर्षी बघू." बोलताना मला हलकंसुद्धा वाटलं, हे खरं सांगते. सोडणं मला चांगलं जमतं.

"कोन बोलला पुडच्या वर्साला?"

"मीच म्हणते."

"तुला इचारला नाय," म्हणत त्या उठून आत गेल्या. रांग वगैरे त्यांनी पाहिली नाही. "साहेब, पोर शिकाया आली हाय, प्लॅस्टिक विकाया नाय. कायतरी वाट सांगा."

क्लार्क वैतागला. "आजी, नियम मी नाही केला."

"मंग केला त्याला बोलवा. मी बसतंय."

आणि बसल्या. त्याच्या टेबलासमोरच्या एकुलत्या एका खुर्चीत. दहा मिनिटांनी आतून मोठ्या बाई आल्या, ऑफिसच्या प्रमुख. त्यांनी दाखला पाहिला, मला पाहिलं, माझा फॉर्म पाहिला. म्हणाल्या, हमीपत्रावर तात्पुरता प्रवेश देता येईल. पंधरा दिवसांत दुय्यम प्रत आणायची, नाहीतर प्रवेश रद्द. मात्र हमीपत्रावर पालकांची सही लागेल, आणि पालक गावी असतील तर स्थानिक पालकाची. माझ्या फॉर्मवर तो रकाना मी कोरा सोडला होता.

"मी हाय," मावशी म्हणाल्या. बाईंनी पेन पुढे केलं. मावशींनी ते घेतलं नाही. मला म्हणाल्या, "आदी वाचून दाव. न वाचता लय सह्या केल्यान मी. जमीन गेली तवा."

मी वाचलं. शेवटच्या ओळीत होतं, प्रवेश रद्द झाल्यास पालक म्हणून माझी कोणतीही तक्रार राहणार नाही.

"तक्रार राहनार नाय? कशी नाय? पयली तक्रार माझीच."

ऑफिसात हशा पिकला. मोठ्या बाईही हसल्या. मावशी हसल्या नाहीत. माझ्याकडे बघत म्हणाल्या, "म्हंजे तू नाय आनलास तर माझा नाव खोटा." मी मान हलवली. मग त्यांनी सही केली, एकेक अक्षर दाबून. खिडकी बंद व्हायला चाळीस मिनिटं होती.

ते पंधरा दिवस मला नीट आठवत नाहीत, फक्त मोजणं आठवतं. सुट्टीसाठी सुपरवायझरच्या मागे लागले, त्यात पाच दिवस गेले. गावाकडे मुख्याध्यापक लग्नाला गेलेले, त्यात दोन. मग प्रतिज्ञापत्र करून आणा म्हणाले, त्यात आणखी तीन. शेवटी शाळेच्या क्लार्कने जुनं जनरल रजिस्टर काढलं आणि बोटाने माझी ओळ दाखवली. शाळा सोडण्याचे कारण: सतत गैरहजर. आईचा आजार तिथे कुठे नव्हता, आणि असायचं कारणही नव्हतं. मुख्याध्यापकांनी दुय्यम प्रतीवर सही करताना विचारलं, "कामून इतकी घाई?" मी म्हटलं, "एकीनं माझ्यासाठी सही केलीय, सर." कागद मी वहीत घालून छातीशी धरला आणि तेराव्या दिवशी सकाळी कॉलेजच्या खिडकीत दिला. क्लार्कने मागे नोंद केली, शिक्का मारला. "आता ठीक आहे, ताई."

वर्गात पहिल्यांदा शिरले तेव्हा सगळी मुलं उठून उभी राहिली. त्यांना वाटलं, नव्या मॅडम. मीही घाबरून उभीच राहिले. मागून एकजण ओरडला, "बसा रे, ही आपल्यातलीच आहे," आणि मी पंख्याखालच्या बाकावर जाऊन बसले, कारण तिथे मागची कुजबुज फारशी ऐकू येत नाही. ती माझी दुसरी चूक. पंख्याखाली बसू नका. सरांचंही ऐकू येत नाही. आणि शेजारणीला पहिल्याच दिवशी नाव विचारा. मी विचारलं नव्हतं, म्हणून चार दिवस वेळापत्रक कुणाला मागायचं हे कळेना.

अजूनही सकाळी फाटकातून आत शिरताना वाटतं, कुणीतरी हाक मारेल आणि आणखी एखादा कागद मागेल. एखाद्या दिवशी आदल्या दिवसाचा शीण असतो, रिक्षा भरलेली निघून जाते, आणि आज नाही, उद्या जाऊ, असं जिभेवर येतं. मग मला दाबून काढलेली ती अक्षरं दिसतात. मी पुढच्या रिक्षाला हात करते.

मावशींच्या कपाटात गेलेल्या जमिनीच्या कागदांची एक थप्पी आहे, निम्मी इंग्रजीत. मुलगे आपापल्या धावपळीत असतात. ते सांगतील तिथे मावशी अजूनही सही करतात. परवा त्यांनी त्यातला एक कागद माझ्यापुढे धरला. चार ओळींनंतर मी अडकले आणि तसं सांगितलं. त्या म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे, घाई नाय." मला आहे. मावशी, मला वेळ लागेल, पहिल्या वर्षाचं इंग्रजीच मला जड जातंय. पण एक दिवस मी त्या थप्पीतला प्रत्येक कागद तुमच्यापुढे बसून, मोठ्याने, तुम्हाला कळेल असा वाचून दाखवणार आहे. तोवर शाळा सोडणार नाही.