शेवटच्या भेटीचा खोटा अहवाल

एमएसडब्ल्यूला, म्हणजे समाजकार्याच्या पदवीला, मला प्रवेश मिळाला तो थेट तंजावरला. सांगलीकडच्या आमच्या घरात रडारड झाली, तेव्हा बाबा म्हणाले, "अगं, तिथं मराठ्यांचंच राज्य होतं. आपलीच माणसं." बाबांचा इतिहास पक्का, फक्त दीडशे-दोनशे वर्षं मागे. मोठ्या देवळाच्या भिंतीवर मराठी कोरलेलं आहे हे खरं, पण भिंतीशी किती बोलणार? हॉस्टेलच्या मुली प्रेमळ होत्या. त्या तमिळमध्ये बोलून हसायच्या, मग कुणीतरी मला इंग्रजीत विनोद समजावायचं आणि मी मागाहून एकटीच हसायचे. त्यापेक्षा वाईट एकटेपणा मला ठाऊक नाही.

फील्डवर्क आठवड्यातून दोन दिवस. तमिळ न येणाऱ्या मुलीला धाडायचं कुठं, हा आमच्या फील्डवर्कच्या मॅडमना प्रश्नच होता. शेवटी वृद्धांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेनं मला मराठी बोलणाऱ्या एक बाई दिल्या. टेलिफोन एक्स्चेंजमधून रिटायर झालेल्या, पंच्याहत्तरीच्या. नवरा गेल्यापासून त्या घराबाहेर पडत नव्हत्या. त्यांना संस्थेच्या विरंगुळा केंद्रात जायची सवय लावायची, हे माझं काम.

"ये गे, आंत ये. जेवलीस कीं?" दारातच त्यांनी विचारलं. सूर तमिळ, शब्द आपले, तेही पणजीच्या वेळचे. मला तिथंच रडू आलं. क्लायंटच्या घरी जेवायचं नाही, हा आम्हाला शिकवलेला पहिलाच नियम. मी दोनदा दहीभात वाढून घेतला.

त्यानंतर दर गुरुवारी-शुक्रवारी मी अहवालात लिहायचे, 'क्लायंट मोकळेपणानं बोलू लागली आहे.' बोलायचे मी. आईबद्दल, धाकट्या बहिणीच्या लग्नाबद्दल, मेसच्या आंबटढाण रसमबद्दल. त्या ऐकायच्या. जन्मभर दुसऱ्यांचे फोन जोडून दिले, मध्ये तोंड घालायची सवयच नाही, म्हणायच्या. दोन महिन्यांनी त्या केंद्रात जाऊ लागल्या. माझी कीव आली म्हणून, असं मला वाटतं. मॅडम मात्र फार खूश झाल्या.

मार्चात मॅडमनी बजावलं, आता टर्मिनेशन. केसवर्कची शेवटची पायरी. तीन आठवडे आधी क्लायंटला स्पष्ट सांगायचं, की अमुक तारखेनंतर मी येणार नाही, आणि नंतर भेटायचंही नाही. पहिल्या आठवड्यात ठरवून गेले, तर त्या वडे तळत होत्या. दुसऱ्या आठवड्यात त्यांचा गुडघा दुखत होता. नाचता येईना अंगण वाकडं. खरं म्हणजे त्या शहरात मला जेवलीस का म्हणून विचारणारं दुसरं कुणी नव्हतं, आणि ते माणूस मला सोडायचं नव्हतं.

शेवटच्या दिवशी चपला घातल्या आणि म्हटलं, "येते हं." आपल्याकडं 'जाते' म्हणत नाहीत. तमिळमध्येही नाही, तिथं 'जाऊन येते' म्हणतात. दोन्ही भाषांनी मिळून मला पळवाट दिली.

"बरं गे, जाऊन ये," त्या म्हणाल्या.

हॉस्टेलवर येऊन लिहिलं, 'क्लायंटला पुरेशी पूर्वकल्पना दिली. तिनं ती शांतपणे स्वीकारली.' फील्डवर्कमध्ये सगळ्यांत जास्त मार्क मला पडले.

दुसऱ्या वर्षी फील्डवर्कसाठी मला हॉस्पिटलमध्ये टाकलं आणि त्यांच्याकडं एक तमिळ ज्युनिअर जाऊ लागली. एकदा कॅन्टीनमध्ये ती माझ्यासमोर येऊन बसली. "अक्का, तुमच्या त्या आजी भारी आहेत," ती इंग्रजीत म्हणाली. "पहिल्याच दिवशी म्हणाल्या, 'तू कुठल्या तारखेपर्यंत येणार ते आधी सांगून टाक. मागच्या मुलीला ते सांगायला जमलंच नाही. ती जाणार हे संस्थेनं मला महिनाभर आधीच कळवलं होतं. पोरगी दर वेळी तोंड उघडायची आणि भलतंच काहीतरी बोलायची. मीच विषय काढला असता तर रडली असती, म्हणून मी गप्प बसले.'"

मी कॉफी तशीच ठेवून उठले. फार लाज वाटली.

त्यांचं घर कॉलेजपासून टाउन बसनं वीस मिनिटांवर. माफी मागायला जायचं, असं मी दर आठवड्याला ठरवायचे. नियमात बसत नाही, असं स्वतःलाच सांगायचे. त्या रागावणार असत्या तर गेलेही असते. पण त्या रागावणार नाहीत, हे मला पक्कं ठाऊक होतं. डिग्री घेऊन गावी परतले, तोवर एकदाही गेले नाही.