उतारावरची जीप आणि जाड तेल

थंडीत सूर्यमाळची सकाळ धुक्यातच उजाडे. अंगणाखालच्या उतारावर वडिलांची जीप तोंड खाली करून उभी असे. बॅटरी वाचावी म्हणून आमच्याकडे जीपा अशाच लावत. चाकाखालचा दगड काढायचा, जीप घरंगळू द्यायची, गिअर टाकायचा. भाडे देऊन जाणारी माणसे आधीच आत बसलेली. इंजिन खोकत जागे होई आणि जीप त्याच दमात मोखाड्याच्या रस्त्याला लागे. जीप धुक्यात विरघळून गेली तरी एक कोरडी टकटक बराच वेळ ऐकू येत राही.

रसायनशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला असताना मी सुट्टीत घरी आले, तेव्हा ती टकटक वाढली होती. इंजिन खोलावे लागले तर तो खर्च झेपणार नाही, जीप विकून ठाण्याला दुसऱ्याच्या ट्रकवर चालक म्हणून जाईन, असे वडिलांनी आईला सांगून टाकले होते. वडील घरात नसणार, एवढेच मला त्यातून ऐकू आले.

ते इंजिनात साधे चाळीस नंबरचे तेल घालत. जुन्या इंजिनाला जाड तेल, हा जव्हारच्या मिस्त्रीचाचांचा नियम. जाड तेल सदासर्वकाळ सुरक्षित, हे त्यातले गृहीतक मला तपासायचे होते. चाचांकडून मी पंधरा-चाळीस नंबरच्या तेलाचा एक उरलासुरला डबा आणला. दोन्ही तेले दोन बाटल्यांत भरून रात्रभर कुडाबाहेर ठेवली आणि सकाळी वडिलांसमोर आडवी केली. जुने तेल झोपेतून उठवल्यासारखे काचेला धरून राहिले. दुसरे धुक्यातल्या फिकट उजेडात सोनेरी होऊन सरळ तोंडाशी आले.

"पातळ आहे, बाय," वडील म्हणाले. "घाटात पाणी होईल त्याचं."

मी त्यांना दोन्ही डब्यांवरचा चाळीस दाखवला. तापल्यावर दोघांची श्यानता, म्हणजे वाहण्याला होणारा विरोध, जवळपास सारखीच. फरक फक्त गारठ्यातला, तो दुसऱ्या डब्यावरचा पंधरा सांगतो. तेल वर पोहोचेपर्यंत धातूवर धातू घासतो, आणि नेमक्या त्याच क्षणी आपण भरलेली जीप इंजिनावर लादतो.

आम्ही दोघे जव्हारला गेलो तेव्हा चाचांनी सगळे ऐकून घेतले. कॉलेजात आता जीपही शिकवतात काय, असे मला चिडवले. मग वडिलांकडे वळून म्हणाले, "घाला, भाऊ. पण हे जुनी घाण धुऊन काढील. पहिलं तेल लवकर बदला."

नव्या तेलाच्या पहिल्या सकाळी जीप घरंगळली, सुरू झाली आणि खालच्या सपाटीवर थांबली. मागून कोणीतरी विचारले, डिझेल संपले की जीव? वडील समोरच्या, तेलाचा दाब दाखवणाऱ्या लाल दिव्याकडे पाहत होते.

"तेल वर चढू दे," ते म्हणाले.

दिवा विझला. धुक्यात इंजिन एकसुरी, मऊ गुणगुणत राहिले. टकटक पूर्ण गेली नव्हती. पण ती ऐकण्यासाठी आता कान द्यावा लागत होता.

माझी सुट्टी संपायच्या आधी वडिलांनी ठाण्याला निरोप धाडला की यंदा जमणार नाही. आईने बांधून ठेवलेली त्यांची वळकटी सोडली आणि गोधडी उन्हात घातली.