दारासमोरचा पलंग

लकव्याने कमळाकरची उजवी बाजू गेली तेव्हा मुलाने, केतनने, चाकांचा पलंग आणला आणि मांडला तो हॉलमध्ये, थेट दारासमोर. पनवेलजवळच्या त्यांच्या कोन गावात आजारी माणूस असाच समोर ठेवतात; मागे ठेवला तर घरच्यांनी टाकला म्हणतात. मग माणसांची रीघ लागली. बिस्किटांचे पुडे, शहाळी, वर फुकटचे सल्ले. "ओळखलंस का मना?" असं जो तो विचारायचा, जणू कमळाकर परीक्षेला बसलाय. मालूने नवऱ्याला उचलायचं, पुसायचं, आणि या सगळ्यांना चहाही द्यायचा.

त्यात कमळाकरला थंडी वाजून ताप भरला. पनवेलच्या डॉक्टरांनी मालूलाच झापलं. "लघवीत जंतू झालेत. घरात एवढी माणसं, आणि पाणी पाजायला कुणी नाही?"

मालूच्या अंगाचा तिळपापड झाला. पाणी ती द्यायची. तोच एक घोट घेऊन तोंड फिरवायचा. घरी येताच तिने त्याला फैलावर घेतलं. "का नाय पीत? मना बोलनी खायाला लावता?"

कमळाकरने दारातल्या चपलांकडे बघितलं. जड जिभेने म्हणाला, "पानी पिलं का मुताला लागतं. ही सगली बसलेली. यांच्यासमोर?"

म्हणजे ज्यांना माया दाखवायची म्हणून पलंग इथे, त्यांच्यापायी हा माणूस तहानलेला राहत होता! आणि इतके दिवस तिलाही ते दिसलं नव्हतं. तिने केतनला मोरीशेजारच्या खोलीतली टाइल्सची खोकी उचलायला लावली.

"आई, लोक काय बोलतील?"

"बोलू दे. तू खोकी उचल."

दुसऱ्या दिवशी थोरली नणंद दमयंती आली. रिकामा हॉल बघून तिचा आवाज चढला. "मालू, एवढा हॉल बांधलाव, आनि माझ्या भावाला अडगलीत टाकलंस?"

"हॉल तुमाला घ्या, आक्का. बसा, झोपा."

"त्याला बघू तरी दे."

मालूने दारात हात आडवा धरला. "ते बघायला ठेवलेले नाय. चादर बदलायची हाय, हात लावणार असाल तर या."

दमयंतीने नव्या साडीचा पदर सावरला आणि सोफ्यावर बसली. "बरं, चहा तरी टाक."

आतून खणखण आवाज आला. कमळाकर डाव्या हाताने स्टीलचा पेला पलंगाच्या दांड्यावर आपटत होता. पेला रिकामा होता.

मालू तांब्या घेऊन आत गेली आणि तिने दार लावून घेतलं. चहा त्या दिवशी कुणालाच मिळाला नाही.