दादाच्या काडीचा वास

आमच्या दादाला कुणी झाडांचा डॉक्टर म्हटलं की तो कान लाल होईपर्यंत लाजतो. घरातली, ऑफिसातली, दवाखान्यातली कुंडीतली झाडं आजारी पडली की लोक त्याला बोलावतात आणि तो जातो, इतकंच. मी त्याच्याबरोबर जाते, कारण लोकांशी बोलायचं त्याला जमत नाही आणि गप्प बसायचं मला जमत नाही. मला नातवंडं झाली तरी मी त्याची चिंगीच. दादाच्या नाकावर आम्हा दोघांचं पोट चालतं, आणि त्या नाकाचं काय झालं त्याचीच ही गोष्ट.

कुंडीतलं झाड बहुतेक वेळा तहानेनं मरत नाही, पाण्यानं मरतं. पानं मलूल होतात, पिवळी पडतात. माणसाला वाटतं, बिचारं तहानलंय, म्हणून तो पाणी घालतो. पण आधीच चिंब मातीत मुळांना हवा मिळत नसते, ती कुजायला लागलेली असतात, आणि कुजलेल्या मुळाला पाणी वर ओढता येत नाही. पान आणखी मान टाकतं, माणूस आणखी तांब्या भरतो. माया करून करून जीव घ्यायचा हा सगळा प्रकार.

मूळकूज वरून दिसत नाही. बघायला म्हणून दर वेळी झाड उपटलं तर धडधाकट झाडही आजारी पडायचं. म्हणून दादाची काडी. बांबूची, विणायच्या सुईएवढी. ती कुंडीच्या कडेनं तळापर्यंत खुपसायची, जरा वेळ तशीच ठेवायची, मग काढून नाकाशी धरायची. चांगल्या मातीला मातीचाच वास येतो. मुळं कुजत असतील तर फुलदाणीतल्या शिळ्या पाण्यासारखा आंबूस, कुबट वास येतो. सुरुवातीला तो इतका हलका असतो की मला तो कधीच आला नाही. दादाला यायचा. "हे आत्ताच उघडू या," तो म्हणायचा, आणि कुंडी उपडी केली की खरंच एखादं मूळ काळं पडलेलं असायचं. कधी चुकला नाही.

मग त्याला ताप आला. दादा चांगलाच आडवा झाला, पण उठला, पुन्हा कामाला लागला. मी हुश्श केलं, आणि तिथंच फसले.

तो झाडं उपटायला लागला. काडी घालायचा, हुंगायचा, विचारात पडायचा आणि म्हणायचा, "उघडूनच बघू." एका वकिलाच्या ऑफिसातलं तरारलेलं झाड त्यानं असंच उपटलं. मुळं पांढरीशुभ्र होती. त्या झाडानं जो राग धरला तो धरलाच, पुन्हा काही उभं राहिलं नाही. वकील मला जिन्यात गाठून म्हणाला, "तुमच्या भावाला आता विश्रांती द्या." त्याला तिथल्या तिथं दोन शब्द सुनावले मी, पण घरी आल्यावर भाजी चिरता चिरता हात थांबला. आमचे आप्पा म्हातारपणी घराचा रस्ता विसरले होते. त्यांचंही असंच सुरू झालं होतं, रोजच्या कामात अडखळण्यापासून. दादाचंही तेच असेल का? मी त्याला मुद्दाम जुन्या गोष्टी विचारायला लागले. आईच्या मैत्रिणीचं नाव काय, शाळेतल्या बाकावर काय कोरलं होतंस. त्याला सगळं आठवत होतं. मग भीती आणखी वाढली, कारण आता ती कशाची हेच कळेना.

ते कळलं मास्तरीणबाईंच्या घरी. बाई निवृत्त, एकट्या राहणाऱ्या. खिडकीपाशी त्यांचं छातीएवढं रबराचं झाड. खालची पानं गळून पडलेली, वरची लोंबलेली. "रोज पाणी घालते हो मी," त्या रडकुंडीला येऊन सांगत होत्या. दादानं काडी खुपसली, काढली, नाकाशी धरली, डोळे मिटले.

"माती ठीक आहे," तो म्हणाला. "ऊन कमी पडत असेल."

मी दारात चपला काढत होते, आणि मला तिथं तो वास आला. मला! ज्या बाईला दूध नासलेलंही कपात ओतल्यावर कळतं, तिला खोलीच्या दुसऱ्या टोकाला त्या कुंडीची घाण येत होती. दादा काडी नाकाला लावून उभा होता आणि त्याच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नव्हती.

बाईंसमोर तमाशा नको म्हणून मी म्हटलं, "दादा, आलोच आहोत तर मुळं बघून घेऊ."

त्यानं माझ्याकडे एकदा बघितलं. कागद अंथरला, कुंडी आडवी केली, थोपटून थोपटून झाड बाहेर काढलं. तळाची मुळं तपकिरी, बुळबुळीत. बोटात धरून ओढली की साल निघून यायची आणि आत नुसता दोरा उरायचा. कुंडीचं भोक मातीनं बुजलं होतं. बाईंनी तोंडावर पदर धरला. दादा मात्र तसाच वाकून, तोंड मुळांत घालून बसलेला.

मग तो कामाला लागला. मुळं धुतली. बोटांनी एकेक चाचपून, मऊ लागलं ते कापायचं, टणक लागलं ते ठेवायचं. प्रत्येक कापानंतर कात्री स्पिरिटनं पुसायची, नाहीतर एका मुळाची कूज दुसऱ्याला लागते. स्पिरिट लावलेला कापूस द्यायचं काम माझं. मी बोळा चांगला भिजवला आणि हातात द्यायच्या आधी अगदी त्याच्या नाकाखाली नेऊन धरला. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, इतका तो उग्र.

"चिंगे, स्पिरिट दे ना गं," दादा मुळांकडे बघत म्हणाला.

मी तो त्याच्या हातात ठेवला. त्यानं उरलेली मुळं सावलीत वाळत ठेवली, मुळं कमी झाली म्हणून पानंही थोडी छाटली, भरड वाळू आणि कोळशाचे तुकडे घातलेल्या कोरड्या मातीत, लहान कुंडीत झाड बसवलं. "आता पाणी नाही," तो बाईंना म्हणाला. "बोट मातीत खुपसा. कोरडं लागलं तरच. कितीही दया आली तरी नाही." बाईंनी मान हलवली, पण त्यांची नजर तांब्याकडेच होती.

जिना उतरताना मी विचारलं, "कधीपासून?"

"काय कधीपासून?"

"दादा, मी बोळा तुझ्या नाकात कोंबायचाच बाकी ठेवला होता."

"सर्दी आहे मला," तो खेकसला. माझ्यावर तो आयुष्यात कधी खेकसला नव्हता. आणि त्याच क्षणी माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला: गॅस. वहिनी गेल्यापासून दादा एकटा राहतो. एकटा रांधतो, एकटा झोपतो, खिडक्या लावून. ज्याला स्पिरिट कळत नाही त्याला गॅस काय कळणार? तो गॅसनं भरलेल्या घरात काडी ओढेल आणि आपल्याला शेजाऱ्यांकडून कळेल.

"मी तुझ्या घरी येतेय," मी म्हटलं.

"कशाला? पसारा आहे."

मी ऐकलं नाही. त्याच्या हातातून किल्ली जवळजवळ हिसकावली, दार उघडलं आणि शिकारी कुत्र्यासारखी हुंगत थेट स्वयंपाकघरात गेले.

कसलाही वास नव्हता. गॅसचा नव्हता, फोडणीचा नव्हता, कसलाच नव्हता. शेगडीवर धूळ होती. बटणांना चिंधी गुंडाळून सुतळीनं आवळून बांधलेलं. सिलिंडर उघडाबोडका, त्याचं रेग्युलेटर बाहेरच्या कपाटात, कुलपात. ओट्यावर पाव, केळी, बिस्किटांचे पुडे. तापातून उठल्यापासून माझ्या भावानं स्वतःच्या घरात एक घास गरम खाल्ला नव्हता.

तो दारातच उभा राहिला. आत येईना.

"दूध उतू गेलं होतं," तो खाली बघत म्हणाला. "ज्योत विझली. मी बाहेर पेपर वाचत बसलेलो, खुशाल. मग आत गेलो, आणि शेजारीण दार बडवायला लागली तेव्हा कळलं. मी पेटवायला काडेपेटी शोधतच होतो गं."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"तिलाही शपथ घातली. तुला सांगितलं असतं तर तू मला झाडांना हात लावू दिला नसतास."

"नसता लावू दिला," मी म्हणाले. खरंच होतं ते.

"मग मी काय करायचं? दिवसभर या खोलीत बसून भ्यायचं?"

मला रडू फुटत होतं आणि त्याचा रागही येत होता. मी म्हटलं, "काडी तू खुपस, वास मी घेते."

"तुला कुठं येतो?"

"नाही येत. तू शिकव. आठवत तर असेल ना तुला?"

त्यानं कपाटाची किल्ली माझ्यापुढे धरली. मी रेग्युलेटर आणून बसवलं, चिंध्या सोडल्या, पातेल्यात चहाचं आधण ठेवलं.

"वास येतोय?" त्यानं दारातून विचारलं.

"नाही."

"नीट बघ."

"नाही रे दादा."

मी शेगडी पेटवली. तो एक पाऊल मागे सरला. तोंड पांढरं पडलेलं. मी कितीदा सांगितलं, काही नाही, ये आत, तरी तो चौकट धरून तसाच उभा. लहान पोराला समजवायला आपण काहीबाही सांगतो तसंच मी सांगतेय, असं त्याला वाटत असणार.

मग तो वेगळ्याच आवाजात म्हणाला, "चिंगे, एक विचारू? माझ्या अंगाला येतो का गं वास? मला कळत नाही. बसमध्ये शेजारचा माणूस उठला की वाटतं, माझ्यामुळेच उठला. खरं सांग."

मी आच कमी केली, त्याच्याजवळ गेले आणि त्याच्या मानेशी नाक नेलं. नाही म्हणणं सोपं होतं.

"येतो," मी म्हणाले. "घामाचा. कॉलर तर बघवत नाही. टाक तो शर्ट धुवायला."

दादाचे कान लाल झाले. त्यानं कॉलर चाचपून बघितली.

"म्हणजे गॅसचंही खरंच सांगतेयस," तो म्हणाला, आणि आत आला.